पेन धुणारी शाई

शाईपेन पाण्याने तीन-चारदा धुतलं, ताजी शाई भरली, आणि तरी सकाळची पहिली ओळ कोरडीच उमटते. दोष बहुधा निबखालच्या काळ्या जिभेत असतो. या जिभेत शाई पुढे नेणारी केसाएवढी वाट असते आणि जास्तीची शाई धरून ठेवणाऱ्या बारीक खाचा असतात. तिथे वाळून बसलेली शाई नळाखाली दोन मिनिटं धरून निघत नाही. ती काढायचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे पेनात आठवडाभर सहज धुतली जाणारी, ओलसर वाहणारी निळी शाई चालवणे. पण तो सगळ्याच पेनांना आणि आधीच्या सगळ्याच शायांना लागू पडत नाही. म्हणून थोडी चौकशी आधी.

दोष जिभेत की निबमध्ये?

छोट्या कुपीत थोडी शाई घ्या, निब त्यात बुडवा आणि लिहा. बुडवल्यावर सात-आठ ओळी छान उमटून मग रेघ बारीक होत थांबली, तर वाट तुंबली आहे आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. बुडवूनसुद्धा अक्षराची सुरुवात चुकत असेल, तर निबची दोन पाती वरखाली झालेली असतात किंवा टोक आतल्या बाजूने जास्त गोल घासलेलं असतं. त्याला जगातली कोणतीही शाई उपयोगी नाही. भिंग घेऊन समोरून निबकडे बघा, दोन्ही पात्यांची टोकं एका पातळीत दिसली पाहिजेत.

शाईने शाई कशी निघते?

साध्या शाईत पाणी आणि पाण्यात विरघळणारा रंग असतो. त्याशिवाय शाई नीट पसरावी म्हणून साबणासारखं काम करणारा थोडा पदार्थ, निबवर लगेच वाळू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखा काही अंश, आणि बुरशी धरू नये म्हणून औषध. नुसत्या पाण्याचा पृष्ठताण जास्त असतो. ते मोकळी वाट शोधून निघून जातं आणि तुंबलेल्या खाचेला फारसं शिवत नाही. ओलसर शाई त्या खाचेत शिरते, दिवसरात्र तिथे थांबते आणि वाळलेला रंग हळूहळू फुगवून सोडवते. लिहिताना तो कागदावर निघून जातो. काम सावकाश होतं, पण पेन रोज वापरात राहतं.

ही कल्पना कंपन्यांनीच विकलेली आहे. पार्करने १९३१ मध्ये क्विंक बाजारात आणली. तिच्यात सॉल्व्ह-एक्स नावाचा पदार्थ आहे आणि त्यामुळे ही शाई लिहिता लिहिता पेन साफ करते, असा जाहिरातीतला दावा होता. आजच्या बाटल्यांवर ते नाव दिसत नाही. गंमत अशी, की त्याच पार्करने ५१ या पेनासाठी झटपट वाळणारी, अतिशय क्षारधर्मी शाई काढली आणि ती फक्त ५१ मध्येच भरा असं बजावावं लागलं. एकाच घरची एक शाई पेन धुणारी, दुसरी पेन खाणारी. म्हणून बाटलीवरच्या कंपनीच्या नावावरून काही ठरवू नये.

कोणती शाई घ्यायची

हवी ती निळी. ‘वॉशेबल ब्लू’ किंवा ‘रॉयल ब्लू’ प्रकारची, फिकटसर, चमक नसलेली, कण नसलेली. वॉटरमनची सेरेनिटी ब्लू (जुनं नाव फ्लोरिडा ब्लू) यासाठी पेनवाल्यांत सर्वात जास्त सुचवली जाते, कारण ती चांगली ओलसर वाहते आणि नंतर पाण्याने चटकन निघते. क्विंकची वॉशेबल ब्लू चालते. पेलिकन ४००१ रॉयल ब्लू धुवायला सोपी आहे, पण तिचा प्रवाह कोरडा. आधीच अडखळणाऱ्या पेनात ती भरली तर पेन आणखी अडखळतं आणि सुधारणा होते आहे की नाही तेच कळत नाही.

आपल्याकडे कॅमलची रॉयल ब्लू कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते. (कॅमलच्या दांडेकरांनी मुंबईत ‘हॉर्स’ छापाच्या शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून हा धंदा सुरू केला तेही साल १९३१च, क्विंकचंच.) सुलेखा किंवा दुसरी कोणतीही निळी हाताशी असेल तर ती चालेल की नाही हे घरीच तपासता येतं. कागदावर चार रेघा ओढा, तासभर वाळू द्या, एका रेघेवर पाण्याचा थेंब ठेवा आणि मिनिटभराने टिपकागदाने टिपा. बराचसा निळा रंग टिपकागदावर आला तर शाई कामाची. रेघ जशीच्या तशी राहिली तर ती शाई कागदालाच नव्हे, जिभेलाही चिकटून बसेल.

नूडलर्स कंपनीच्या ‘ईल’ मालिकेतल्या शायांबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. त्यांत वंगण असतं ते पिस्टन, म्हणजे पेनाच्या आत शाई ओढणारा दट्ट्या, हलका फिरावा म्हणून. पेन साफ करणं हे त्यांचं काम नाही.

कृती

लागणारं सामान: खोलीच्या तापमानाचं पाणी, सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज किंवा लहान बाळाचं नाक साफ करायचा रबरी फुगा, रुंद तोंडाची छोटी काचेची कुपी, टिश्यू पेपर. पाणी बोअरवेलचं असेल तर वापरू नका. जड पाण्यातले क्षार जिभेतच साका धरतात. फिल्टरचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या.

१. आधी पाणी. कन्व्हर्टर (पेनात बसवायची, शाई ओढून भरणारी सुटी नळी) काढा, पकडीच्या (निब बसवलेल्या, बोटांनी धरायच्या भागाच्या) मागच्या तोंडाला रबरी फुगा लावा आणि पाणी निबकडून बाहेर ढकला. रंग जवळजवळ जाईपर्यंत, म्हणजे साधारण १५-२० वेळा. ही पायरी गाळू नका. आधीची शाई आम्लधर्मी आणि नवी क्षारधर्मी असली (किंवा उलट) तर दोघी जिभेत भेटून लगदा होतो, आणि मग साफ करायला घेतलेलं पेन अजूनच तुंबतं.

२. पाणी काढा. निब टिश्यूत गुंडाळून पेन निब खाली करून एखाद्या कपात तासभर उभं ठेवा. टिश्यू पाणी ओढून घेतो. आत पाणी राहिलं तर पुढे भरलेली शाई पातळ होते आणि कागदावर फुटते.

३. निळी शाई कुपीत ओता, साधारण ३ मिली. पेन मूळ बाटलीत बुडवू नका. बाटलीत जुना रंग जातो आणि बुरशीही जाऊ शकते. पावसाळ्यात तर अशी बाटली लवकर नासते. शाईला कुबट वास आला किंवा वर तंतू तरंगताना दिसले तर सगळी बाटली टाकून द्या.

४. भरा. कन्व्हर्टरमध्ये ०.५ मिली पुरते. ड्रॉपरने भरायच्या मोठ्या पेनातही २ मिलीच्या वर जायची गरज नाही. पिस्टन पेन असेल तर तीन-चार वेळा भरून रिकामं करा, मग शेवटचं भरलेलं ठेवा. हा वर-खाली फिरणारा प्रवाहच अर्धं काम करतो.

५. पहिल्या दिवशी दोन पानं लिहा. ओळी हिरवट, जांभळट किंवा मातकट येत असतील तर जुना रंग सुटतो आहे, हीच हवी ती खूण. मग टोपण लावून पेन रात्रभर आडवं ठेवा. निब खाली करून उभं ठेवल्याने जीभ जास्त भिजते खरी, पण ड्रॉपरचं पेन असेल तर सकाळी टोपणात शाई सापडते.

६. रोज एक पान, पाच ते सात दिवस. मग उरलेली शाई बेसिनमध्ये ओता (कुपीत परत नाही), एकदा पाणी फिरवा आणि दुसऱ्यांदा तीच शाई भरा. दुसऱ्या भरणीची पहिली ओळ बाटलीतल्या रंगाचीच आली तर काम झालं.

७. शेवटी पुन्हा पाणी. निब खाली करून टिश्यूवर ठेवलेल्या पेनातून रंगाचा डाग न येता फक्त ओल आली पाहिजे.

दोन भरण्यांनंतरही फरक नसेल तर तिसरी भरू नका. तो गाळ या शाईच्या आवाक्यातला नाही.

कुठे हिचं काही चालत नाही

पहिला अपवाद जुनी लोहयुक्त ब्लू-ब्लॅक. पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक, प्लॅटिनम ब्लू-ब्लॅक, डायमाइन रजिस्ट्रार्स, रोरर आणि क्लिंगनरच्या सॅलिक्स आणि स्कॅबिओसा या त्या जातीच्या. त्यांच्यातलं लोह हवा लागली की न विरघळणाऱ्या रूपात बसतं. निळ्या शाईने वरवरचा रंग जातो, लोह तसंच राहतं. इथे सौम्य आम्ल लागतं: १०० मिली पाण्यात १ ग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिडची शुद्ध भुकटी, त्यात निब आणि जीभ तासभर, मग भरपूर पाणी. चघळायच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या नकोत, त्यांतली साखर खाचेत जाऊन बसते. आणि अशा पेनाला अमोनिया तर नकोच. क्षारात लोहाचा गंजासारखा साका पडतो आणि दहा मिनिटांत काम दुप्पट होतं.

दुसरा अपवाद कणयुक्त शाया: प्लॅटिनम कार्बन ब्लॅक, डी ॲट्रामेंटिसची डॉक्युमेंट मालिका, चमकीच्या शाया. कण विरघळत नाहीत, त्यांना फक्त हलवून बाहेर काढता येतं. निब आणि जीभ बाहेर निघत असेल तर काढा, मऊ टूथब्रशने खाचांच्या दिशेने घासा. चष्मे साफ करायचं अल्ट्रासॉनिक यंत्र असेल तर एक-एक मिनिट, मधे थांबत.

आणि लाखेची काळी ड्रॉइंग इंक. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकलेसाठी आणलेली बाटली घरात असते, पेनाची शाई संपलेली असते, आणि कुणीतरी ही ड्रॉइंग इंकच शाईपेनात भरतं. ती वाळली की जिभेचा दगड होतो. स्वस्त पेन असेल तर निब आणि जीभ नवी घ्या.

गडद, चकाकणाऱ्या, लाल-जांभळ्या शायांच्या बाबतीत निळी शाई काम करते, पण फार सावकाश. तिथे आधी अमोनियाचं पाणी वापरावं. प्रमाण नीट बघा, कारण इथेच चूक होते. परदेशी पानांवर ‘एक भाग अमोनिया, नऊ भाग पाणी’ लिहिलेलं असतं ते घरगुती ५ टक्क्यांच्या अमोनियासाठी. आपल्याकडे केमिकलच्या दुकानात मिळणारा अमोनिया २५ टक्क्यांचाही असतो. लेबल वाचा. ५ टक्के असेल तर १० मिली अमोनिया आणि ९० मिली पाणी, २५ टक्के असेल तर २ मिली आणि ९८ मिली. दोन्हीकडे तयार पाणी अर्ध्या टक्क्याचं होतं. त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. खिडकी उघडी ठेवून, फक्त निब आणि जीभ, जास्तीत जास्त अर्धा तास. पितळी आणि ॲल्युमिनियमचे भाग त्यात नकोत.

यात एक फसगत होते. धुता येणाऱ्या निळ्या शायांतला रंग क्षारात फिका पडतो. अमोनियाचं पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे निळी शाई गेली असं नाही, ती फक्त दिसेनाशी झाली. साध्या पाण्याने पुन्हा चार-पाच वेळा ढकला आणि मग ठरवा.

ब्लीच हा शेवटचा उपाय, तोही फक्त रिकाम्या नळीच्या डागासाठी. निबला ते खातं. अमोनिया वापरलेल्या पेनात, कुपीत किंवा बेसिनमध्ये ब्लीच कधीही जाता कामा नये, विषारी वायू तयार होतो. स्पिरिटने तर नळीला तडे जाऊ शकतात आणि जुन्या पेनातला लाखेचा जोड सुटतो.

एबोनाइटच्या (कडक केलेल्या रबराच्या) जिभेला आणि नळीला गरम पाणी नको, एबोनाइट ऊन आणि गरम पाणी दोन्हीने हिरवट-तपकिरी पडतं. केसीनची (दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या प्लास्टिकची) जुनी पेनं पाण्यात बुडवून ठेवली तर फुगतात, त्यांची फक्त पकड ओली करा. ओढून बसवलेली निब-जीभ काढताना दोन्ही एकत्र, अंगठा आणि तर्जनीत रबराचा तुकडा धरून, न पिळता सरळ ओढा. जीभ पिळली की तिचा निबशी असलेला मेळ जातो आणि मग तुंबलेलं पेन गळकं होतं.

पारदर्शक कन्व्हर्टरवर उरलेला गुलाबी डाग निळ्या शाईने जात नाही. लिहिण्यावर त्याचा परिणामही होत नाही. डोळ्याला खुपत असेल तर कन्व्हर्टर बदला.