पेनड्राईव्हवर लिनक्स टाकताय? मग या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून इथे इंदूरात ओळखीतले बरेच जण विचारतात की लॅपटॉप तर धडधाकट आहे, मग लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) आधी पेनड्राईव्हवर चालवून बघू का? जरूर बघा. फक्त आधी ठरवा की तुम्हाला नक्की काय हवंय. लाइव्ह म्हणजे नुसतं चालवून बघायचं, बंद केलं की केलेलं सगळं गेलं. पर्सिस्टन्स म्हणजे तेच लाइव्ह, पण तुमच्या फाइली आणि सेटिंग लक्षात राहतात. आणि फुल इन्स्टॉल म्हणजे पेनड्राईव्हलाच हार्डडिस्क समजून अख्खी सिस्टीम टाकायची. रात्रभर बसून सगळं सेट केलं आणि सकाळी सगळं गायब, ही तक्रार बहुतेक वेळा लाइव्हवाल्यांची असते, त्यात लिनक्सचा काही दोष नाही.

लिनक्सची उतरवलेली आयएसओ फाइल (अख्खी सिस्टीम एकाच फाइलमध्ये) पेनड्राईव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करू नका, त्यावरून लॅपटॉप चालू म्हणजे बूट होणार नाही. ती लिहिण्यासाठी रुफस किंवा एचर हे प्रोग्राम वापरा. लिहून झाल्यावर विंडोज कधी कधी 'फॉर्मॅट करा' म्हणून विचारतं, तिथे कॅन्सल. नंतर पेनड्राईव्ह अगदीच लहान दिसायला लागला तर तो खराब झाला समजून फेकू नका, विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडच्या टूलमध्ये तोच ड्राईव्ह निवडून क्लीन करा, मग नवीन पार्टिशन (डिस्कचा भाग) करून फॉर्मॅट करा, परत पूर्ववत होतो (ड्राईव्हचा नंबर दोनदा बघा हां, चुकून आतली डिस्क साफ झाली तर डेटा गेलाच).

पेनड्राईव्ह इथल्या जेल रोडच्या बाजारातून घ्या नाहीतर ऑनलाइन मागवा, पण किमतीच्या मानाने जीबी फारच जास्त दिसत असतील तर आधी एच२टेस्टडब्ल्यू या खरी क्षमता तपासणाऱ्या प्रोग्रामने तपासा. खोट्या क्षमतेचे ड्राईव्ह सुरुवातीला नीट चालतात, खरी जागा भरली की फाइली खराब व्हायला लागतात. आणि फुल इन्स्टॉल करणार असाल तर माझं स्पष्ट मत, जुनी साटा एसएसडी (लॅपटॉपमधली वेगवान डिस्क) यूएसबी केसिंगमध्ये घालून यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. साध्या पेनड्राईव्हला बारीक बारीक फाइली सतत लिहिणं झेपत नाही, ब्राउझर उघडला की सगळं अडकतं आणि माणूस म्हणतो लिनक्स स्लो आहे.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक, बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. सुदामा नगरातल्या एका घरात मुलाने पेनड्राईव्हवर फुल इन्स्टॉल केलं आणि तो पेनड्राईव्ह घेऊन पुण्याला कॉलेजला निघून गेला. इकडे काकांनी लॅपटॉप लावला तर काळी स्क्रीन, त्यावर नुसतं 'ग्रब' (लिनक्सच्या बूटलोडरचं नाव) आणि पुढे चमकणारा कर्सर. तिकडे पुण्यात दुसऱ्याच्या मशीनवर पेनड्राईव्ह बूटच होईना. कारण इन्स्टॉलरने सिस्टीम पेनड्राईव्हवर टाकली पण बूटलोडर लॅपटॉपच्या आतल्या ईएफआय पार्टिशनमध्ये (डिस्कचा बूटलोडर ठेवायचा छोटा भाग), म्हणजे अर्धं इथे अर्धं तिथे. बरेच इन्स्टॉलर असं करतात, तुम्ही डिस्क बरोबर निवडली असली तरी. काकांचं विंडोज शाबूत होतं, बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर आणला की झालं. पण ही वेळच येऊ नये म्हणून इन्स्टॉल करण्याआधी लाइव्हमध्ये जीपार्टेड हा पार्टिशन सांभाळणारा प्रोग्राम उघडा, आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनचे बूट आणि ईएसपी हे फ्लॅग (खुणा) तेवढ्यापुरते काढा, पेनड्राईव्हवर ५०० एमबीचं फॅट३२ पार्टिशन करून त्याला ते फ्लॅग द्या, मग इन्स्टॉलर चालवा आणि काम झालं की आतले फ्लॅग आठवणीने परत लावा. लॅपटॉप सहज उघडत असेल तर आतली एसएसडी काढून ठेवणं सगळ्यात बिनधोक.

सिक्युअर बूटला (अनोळखी सिस्टीम बूट होऊ न देणारं बायोसमधलं सेटिंग) हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी विंडोज तीच मागत बसेल आणि की नसेल तर घरचे फोटो, कागदपत्रं सगळं आत अडकलं.

कशावरून बूट करायचं ते निवडायच्या बूट मेनूसाठी डेल आणि लेनोवोवर साधारण एफ १२, एचपीवर एफ ९. लोगो आल्यावर काळी स्क्रीन राहिली आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ग्रबमध्ये ई दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) हा शब्द जोडा. विंडोजमध्ये परत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका, लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाण वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं, लिनक्सला लोकल टाइम ठेवायला सांगितलं की मिटलं. वायफाय दिसतच नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून देणं) चालू करा, नेट मिळालं की ड्रायव्हर उतरवून घेता येतो.