स्पोर्ट्स बाईकवाल्यांनी गोल्ड विंगची टेस्ट राइड कशी घ्यायची

माझ्याकडे ट्रायम्फची स्ट्रीट ट्रिपल आरएस ही स्पोर्टी बाईक आहे आणि मला ती मनापासून आवडते, पण मागची सीट अगदी छोटी. बायकोला घेऊन पुणे-गोवा केलं तेव्हा आंबोली उतरेपर्यंत ती काही बोलली नाही, सावंतवाडीत चहाला थांबलो तर तिला दोन मिनिटं सरळ उभंच राहता येईना. मला खरंच वाईट वाटलं. तेव्हापासून डोक्यात होतं की एक मोठी टूरर, म्हणजे दोघांनी लांब फिरायची बाईक, चालवून बघायची.

पहिल्यांदा एका शोरूममधून होंडा गोल्ड विंग टूर मिळाली ती जेमतेम १५ मिनिटं. सिग्नल, रिक्षा, खड्डे आणि परत. मी ती माझ्याच गाडीसारखी चालवायला गेलो, पहिल्याच वळणाला ती ऐकत नाही असं वाटलं आणि घरी येऊन सांगून टाकलं की ही आपली गाडी नव्हे. निकाल चुकला होता. पुढे ओळखीतल्या एका काकांनी त्यांची स्वतःची गोल्ड विंग अख्खी सकाळ दिली, जवळ उभं राहून एकेक गोष्ट समजावली, मग कळलं की पहिल्या वेळी मी गाडीला भलतेच प्रश्न विचारले होते. तुमची १५ मिनिटं तशी जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी आकडे बघून घ्या, कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. माझी गाडी १८८ किलो, गोल्ड विंग टूर साधारण ३९० किलो, म्हणजे दुपटीच्या वर. ताकद मात्र जवळपास सारखी, माझ्या गाडीची १३० पीएस आणि हिची १२६ पीएस. फरक असा की माझी ती ताकद १२,००० आरपीएमला येते आणि हिची ५,५०० ला. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा ओढायचा जोर, माझ्याकडे ८० न्यूटन मीटर, हिच्याकडे १७०, तोही ४,५०० आरपीएमलाच. १८३३ सीसीचं सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन आहे, तीन सिलिंडर डावीकडे आणि तीन उजवीकडे आडवे, त्यामुळे वजन खाली राहतं. आपण लोक आवाज चढला की समजतो गाडी पळतेय, इथे आवाज चढतच नाही आणि स्पीडोमीटर बघितला तर आपण ठरवलं त्यापेक्षा १५-२० ने पुढे गेलेलो असतो. म्हणून पहिला अर्धा तास कानावर भरवसा ठेवू नका, काटा बघा.

जायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचारा. डेमो गाडी खरंच उभी आहे का, किती वेळ देणार, आणि गाडी पडली तर खर्च कोणाचा. तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो पण जवळपास ४० लाखांची गाडी आहे, सामानाचा एक बॉक्स किंवा आरसा गेला तरी खर्च मोठा, त्यामुळे जे ठरेल ते लेखी घ्या. वीकडेला सकाळी लवकरची वेळ मागा. हेल्मेट, जॅकेट, बूट तुमचे नेहमीचेच घाला, आणि जी व्यक्ती पुढे कायम मागे बसणार आहे तिला सोबत न्याच, ती नसेल तर ही टेस्ट राइड अर्धीच आहे.

गाडीजवळ गेल्यावर लगेच स्टार्ट करू नका. आधी बंद गाडीवर बसा. सीट फक्त ७४५ मिमी उंच आहे, दोन्ही पाय सपाट टेकतात, आणि इथेच माणूस निर्धास्त होतो. स्टँड काढून गाडी सरळ करा, मग अगदी दोन-तीन इंच डावीकडे, दोन-तीन इंच उजवीकडे झुकवा. कुठपर्यंत ती हलकी वाटते आणि कुठून पुढे वजन अंगावर यायला लागतं ते पायांना कळू द्या. स्ट्रीट ट्रिपल कलंडली तर आपण एका पायावर सावरतो, ती सवय इथे गुडघा किंवा कंबर घेऊन जाईल. काकांनी मला सगळ्यात आधी हेच सांगितलं: ती रेषा ओलांडली की गाडी सोडून द्यायची आणि पाय बाजूला घ्यायचा. गाडी दुरुस्त होते.

आता डीसीटी. गोल्ड विंग टूरमध्ये सात गिअरचा डीसीटी (ड्युअल क्लच ट्रान्समिशन) आहे, गिअर गाडी स्वतःच बदलते, म्हणजे क्लचचा लिव्हर नाही आणि डाव्या पायाला गिअरही नाही. डोक्याला हे माहीत असतं, हाताला नसतं. थांबायची वेळ आली की माझी डावी मूठ हवेतच क्लच दाबायची आणि पाय गिअर शोधत राहायचा. त्यात धोका काही नाही पण लक्ष जातं, म्हणून उभ्या उभ्याच चार-पाच वेळा न्यूट्रलमधून डी (ड्राइव्ह), डी मधून न्यूट्रल करून बघा, डाव्या हाताच्या बटणांनी गिअर वर-खाली कसे होतात ते बघा. आणि एक महत्त्वाचं, आपण उतारावर गाडी गिअरमध्ये टाकून उभी करतो ना, ते इथे चालत नाही, बंद केल्यावर गिअर पडलेला राहत नाही, त्यासाठी वेगळा पार्किंग ब्रेक आहे. तो कुठे आहे आणि कसा लागतो हे निघायच्या आधीच विचारून घ्या.

यानंतर रस्त्यावर जायची घाई नको. मोकळं पार्किंग किंवा शांत गल्ली बघा आणि तुमच्या वेळेतला निदान तिसरा हिस्सा तिथेच घाला. ही गाडी १०० च्या स्पीडला कुणालाही जमते, खरी परीक्षा ताशी ५ किमीला असते. आपण स्लो स्पीडला क्लच अर्धा धरून गाडी खेळवतो, इथे क्लचच नाही, मग करायचं काय तर ॲक्सिलरेटर थोडासा आणि एकसारखा दिलेला ठेवायचा आणि स्पीड पायाच्या ब्रेकने हलकेच धरायचा. इंजिन ओढतंय आणि ब्रेक मागे खेचतोय, या दोघांच्या ताणात गाडी आश्चर्य वाटावं इतकी स्थिर राहते. दहा मिनिटं एवढंच करा.

हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक मात्र अजिबात नाही. हे मी अनुभवाने सांगतोय. यू-टर्न घेताना मध्येच एक सायकलवाला आला, मी सवयीने दोन बोटं पुढच्या ब्रेकवर टाकली आणि गाडी जागच्या जागी डावीकडे बसायला लागली. काका शेजारी होते म्हणून त्यांनी पाठीमागून धरली. आपल्या हलक्या गाड्यांवर ही चूक खपून जाते त्यामुळे ती चूक आहे हेच कळत नाही. आधी हँडल सरळ, मग ब्रेक. यू-टर्नला नजर जिथे जायचंय तिकडे पूर्ण वळवायची, हनुवटी खांद्यावर येईल इतकी, आणि गाडी झुकते त्याच्या उलट बाजूला अंग थोडं ठेवायचं. पुढच्या चाकाकडे बघितलं की गाडी तिथेच जाणार. ॲक्सलमधलं अंतर १६९५ मिमी आहे, माझ्या गाडीपेक्षा जवळपास एक फूट जास्त, त्यामुळे वळायला जागा लागते, ती आधीच हेरून ठेवा. रिव्हर्स आणि पुढे सरकायचा वॉकिंग मोडही इथेच वापरून बघा, साधारण ताशी १.२ किमीने गाडी इंजिनाच्याच जोरावर मागे-पुढे होते, हँडल पूर्ण वळवून मागे घेऊन बघा कारण घरी रोज तेच करायचंय.

मग रस्ता. एक्सप्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी आहे, ती या गाडीलाही आहेच, त्यामुळे पुण्यात असाल तर मला आवडलेला राउंड सांगतो: नवले पुलावरून नवा कात्रज बोगदा, पुढे शिंदेवाडी, खेड शिवापूर, आणि येताना जुन्या कात्रज घाटाने परत. हायवे, चढ, उतार, स्पीडब्रेकर, घाटातली वळणं, सगळं एकाच फेरीत मिळतं. बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर खूप अपघात झालेत, म्हणून परत येताना जुना घाट, तिथे स्पीडही आपोआप कमी राहतो.

सुरुवात टूर मोडमध्येच करा. हायवेला लागल्यावर पहिली गोष्ट जाणवेल ती म्हणजे हँडलमधून काहीच निरोप येत नाही. २०१८ पासून गोल्ड विंगला पुढे नेहमीचा फोर्क नाही, डबल विशबोन आहे, म्हणजे चाकाची वर-खाली होणारी हालचाल आणि हँडल वेगळं केलंय. खड्डा चाकाला कळतो, मनगटाला फारसा नाही. आपण स्पोर्ट्सवाले ब्रेक मारल्यावर पुढचा भाग किती दबला त्यावरून ठरवतो की टायर किती धरतोय, इथे तो दबतच नाही, त्यामुळे पहिल्यांदा वाटतं की ब्रेकच लागत नाहीये. लागतात, आणि चांगले लागतात. मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नाही बघून ६० वरून दोन-तीनदा जोरात थांबवून बघा, म्हणजे विश्वास बसेल. पायाचा ब्रेक पुढच्याशीही जोडलेला आहे, त्यामुळे तो नुसता मागचा समजून दाबू नका.

अजून एक अडचण येते ती बसण्याची. आपण गुडघ्यांनी टाकी पकडून ब्रेकिंगचं वजन पायांवर घेतो, इथे टाकी गुडघ्यात येत नाही आणि पाय पुढे असतात, मग वजन नकळत हातांवर जातं, कोपरं ताठ होतात आणि ताठ हातांनी गाडी वळतच नाही. पहिल्या दिवशी गाडी ऐकत नाही असं जे मला वाटलं होतं ते यामुळेच. पोट थोडं घट्ट धरा, कमरेने बसा, कोपरं सैल सोडा. वळवायची पद्धत तीच आपली, उजवीकडे जायचंय तर उजवी मूठ पुढे ढकला, रुंद हँडल आहे त्यामुळे जोर फार लागत नाही, आणि एकदा झुकली की ती रेषा सोडत नाही, फार गोड वळते खरं तर. अंग बाहेर काढायचा प्रयत्न करू नका, त्याचा उपयोग नाही. घाटात ब्रेकिंग सगळं वळणाआधी संपवायचं, आत शिरताना आपल्याला कंटाळा येईल इतकं हळू, आणि मग १७० न्यूटन मीटर हळूहळू सोडत बाहेर. फूटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्या, आपल्या गाड्यांपेक्षा फार लवकर रस्त्याला घासतात, पहिल्यांदा तो खर्र आवाज आला तर दचकून ॲक्सिलरेटर सोडू नका, सोडला की गाडी अजून खाली बसते. तसाच धरून ठेवा आणि पुढच्या वळणाला कमी स्पीडने जा. स्पोर्ट मोड शेवटच्या दहा मिनिटांत लावा, सस्पेन्शन कडक होतं आणि गिअर जास्त वेळ धरून ठेवले जातात, तुम्हाला ओळखीचं काहीतरी तिथे भेटेल.

ग्राउंड क्लिअरन्स १३० मिमी आहे, आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता हा आकडा लक्षात ठेवा. आणि ट्रॅफिकमध्ये दोन गाड्यांच्या मधून काढायचा मोह टाळा, बॉक्ससकट ही गाडी तीन फूट रुंद आहे. काच बटणाने वर-खाली करून ८० ला आणि १०० ला हेल्मेटवर वारा कसा लागतो ते बघा. सिग्नलला थांबल्यावर पायांना इंजिनाची धग किती लागते तेही बघा, मे महिन्यात कसं होईल याचा अंदाज येतो.

पिलियनला, म्हणजे मागे बसणाऱ्या व्यक्तीला, शेवटी बसवा, तुमचा हात बसल्यावरच. दोन्ही पाय टेकलेले, पुढचा ब्रेक दाबलेला, हँडल सरळ, आणि तुम्ही हो म्हटल्यावरच चढायचं, उतरतानाही तसंच. निदान २० मिनिटं चालवा आणि चालवताना काही विचारू नका, उतरल्यावर विचारा. माझी बायको उतरली आणि म्हणाली, आपण निघालो होतो तेव्हापासून मी एकदाही घट्ट धरलं नाही. मला माझ्या गाडीवर कधीच न मिळालेली दाद होती ती.

एवढं सगळं करूनही तुम्हाला धार कमी वाटली तर बीएमडब्ल्यूची के १६०० बघा, १६४९ सीसीचं सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं इंजिन, १६० हॉर्सपॉवर, ती आपल्या सवयींच्या जास्त जवळ आहे. पण ज्यांना दोघांनी फिरायचंय त्यांनी माझ्या मते आधी गोल्ड विंगच चालवावी. १९७५ साली पहिली जीएल १००० आली तेव्हा ती फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) नसलेली साधी उघडी बाईक होती, लोकांनी स्वतःच त्यावर काचा आणि बॉक्स बसवून लांब फिरायला सुरुवात केली, म्हणजे वापरणाऱ्यांच्या गरजेतूनच ही गाडी अशी झालीय, आणि ते चालवताना जाणवतं.

गाडी परत दिली की लगेच आपल्या गाडीवर बसा आणि दहा किलोमीटर जा. मनगटं, मान, पाठ, काय सांगतात ते ऐका आणि फोनवर बोलून रेकॉर्ड करून ठेवा, दुसऱ्या दिवशी आठवत नाही. शाफ्ट ड्राइव्ह आहे म्हणजे चेन साफ करणं आणि ल्यूब मारणं सुटलं, हेही त्यात धरा. सर्व्हिस तुमच्या शहरात होते का आणि टायर यायला किती दिवस लागतात हे त्याच वेळी विचारून घ्या. आणि किमतीची बोलणी करायच्या आधी आपल्या पार्किंगमध्ये टेप लावा, लांबी साधारण साडेआठ फूट आहे, जागा उतारावर असेल तर गाडी पुढचं चाक चढाकडे करून लावता येईल का ते बघा. आमची जागा नेमकी रॅम्पच्या तोंडाशी आहे, तिथे ३९० किलो रोज मागे घेणं मला पटत नाही, त्यामुळे आतल्या सपाट जागेसाठी शेजारच्या भाऊंशी अदलाबदलीचं बोलणं चालू आहे, ते जमलं की बुकिंगचं बघू.