रोजच जीव तोडून पळू नका

बीड, परभणी कुठल्याही ग्राउंडवर पहाटे जा, भरतीची पोरं रोज फुल्ल स्पीडनं पळताना दिसतील आणि त्यांचं बघून हाफ मॅरेथॉनवाले पण तेच करायलेत. भरतीचे 1600 मीटर वेगळे हो! लांब पळायचं तर बहुतेक दिवस हळूच पळावं लागतं.

नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी टॉपच्या खेळाडूंचं ट्रेनिंग तपासलं तर साधारण 80 टक्के सेशन सोपे निघाले, कडक फक्त 20 टक्के. म्हणजे आठवड्यात पाच दिवस पळत असाल तर कडक एकच, फार तर दोन, आणि ते पण सलग नाही.

सोपं म्हणजे किती? सोबतच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत, शब्द तुटायला लागले की स्पीड कमी करा, मागून कोणी काका पुढं गेले तरी जाऊ द्या. लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं, पण असाच. एप्रिल-मेत तर घड्याळातला पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, बघूच नका, उन्हात तोच पेस हृदयाला लई जड जातो.

कडक दिवशी 15 मिनिटं वॉर्मअप, मग 3 मिनिटं जोरात, 2 मिनिटं हळू जॉगिंग, असे पाच राउंड. शेवटचा राउंड पार ढेपाळला तर सुरवात जास्त फास्ट झाली समजा. झोप नीट होत नसेल, सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जास्त असेल तर कडक दिवस सरळ पुढं ढकला.