घड कापल्यानंतरची बाग

नोकरी पूर्ण झाली, भुसावळात स्वतःचे घर झाले, कर्ज फिटले, मुले शिकून मार्गी लागली; तरुणपणी मनाशी ठरवलेले सर्व काही पदरात पडले आणि तरीही पहाटे जाग आल्यावर आता उठायचे कशासाठी, हा प्रश्न छातीवर बसतो. रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाल्यानंतरचे पहिले वर्ष मी असेच काढले. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

या रितेपणाबद्दल स्वतःला कृतघ्न ठरवू नये. माणूस मिळालेल्या सुखाला लवकरच सरावतो आणि मन पुन्हा पूर्वीच्याच पातळीवर येते, असे ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडले. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी पुढच्या पिढीसाठी काही उभे करणे हे मध्यमवयाचे मुख्य काम मानले आणि ते न झाल्यास माणूस साचून राहतो, असे म्हटले. म्हणून दुसरा प्लॉट किंवा आणखी मोठी गाडी असे नवे लक्ष्य घाईने ठरवू नये, कारण तेही गाठले की काही महिन्यांत मन पुन्हा त्याच जागी येऊन थांबते.

पुढची दिशा कुठे शोधावी, हे रावेर-यावलच्या केळीच्या बागेत समजते. केळीचे एक खोड एकदाच घड देते. मात्र त्याच्या बुडाशी अनेक पिले फुटलेली असतात. शेतकरी त्यांतले एक जोमदार पील राखतो, बाकीची कापून टाकतो आणि त्या एकावर पिलबाग उभी राहते. घड कापल्यावर जुने खोड काही दिवस तसेच ठेवणारेही आहेत, कारण त्यातला रस पिलाला मिळतो. आपणही नवे काम जुन्या कौशल्याच्या बुडाशीच शोधावे.

त्यासाठी एक वही घ्यावी आणि महिनाभर रोज रात्री तीन गोष्टी लिहाव्यात: आज कोण, कोणत्या कामासाठी माझ्याकडे आले, कोणते काम करताना घड्याळाकडे लक्ष गेले नाही, आणि गावातली कोणती अडचण पाहून जीव तळमळला. मला काय आवडते, हा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवावा, कारण त्याचे उत्तर रोज बदलते. लोक मात्र वर्षानुवर्षे त्याच कामासाठी आपल्याकडे येत असतात. महिन्याअखेरीस जी नोंद पुन्हा पुन्हा आलेली दिसेल, ते आपले पील. बाकीची कापताना वाईट वाटते, पण भजनी मंडळ, सोसायटी, वाचनालय आणि ग्राहक समिती यांत एकाच वेळी अडकलेला माणूस कोणाच्याच पूर्ण उपयोगी पडत नाही.

निवडलेल्या कामाला ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि निदान सहा महिने द्यावेत. पद घेऊ नये. खुर्ची मिळाली की पुन्हा बढतीचे मोजमाप सुरू होते. घरच्यांशी आधी बोलावे, कारण निवृत्तीनंतरच्या वेळेवर त्यांचाही हक्क असतो. अमळनेरचे गिरणीमालक प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था स्थापन केली. एवढे मोठे काम प्रत्येकाच्या हातून होणार नाही आणि तशी गरजही नाही.

माझ्या वहीत पुन्हा पुन्हा आलेली नोंद अगदी साधी होती: निवृत्त गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार, आणि वारलेल्या गँगमनांच्या विधवा पेन्शनचे कागद घेऊन माझ्याकडे येत होत्या. आता दर मंगळवारी सकाळी मी ओसरीवर बसतो आणि नोव्हेंबरात, हयातीचे दाखले भरण्याच्या दिवसांत, रोज बसतो. गेल्या नोव्हेंबरात एका म्हाताऱ्या गँगमनचा अंगठा यंत्र घेईना. चाळीस वर्षे खडी उचलून बोटांवरच्या रेषा पार झिजल्या होत्या. ओल्या फडक्याने अंगठा पुसला, थोडे थांबलो, मग डाव्या हाताचे एकेक बोट लावून पाहिले. मधल्या बोटाला यंत्राचा हिरवा दिवा लागला, तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाहेर अजून सहा जण थांबले होते, म्हणून मी पुढचे नाव पुकारले.