अठरा वर्षांच्या मुलामुलींची पहिली गाडी: सेकंडहँड घेताना काय बघाल

चारचाकीचं लर्निंग लायसन्ससुद्धा अठरा पूर्ण झाल्यावरच निघतं. त्याआधी चावी हातात दिलीत आणि मुलाकडून गुन्हा घडला, तर मोटार वाहन कायद्यानुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आधी साल बघा, मग रंग. आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) गाडी बनल्याचा महिना-वर्ष असतं. जानेवारी २०२२ पासून बनलेल्या गाडीत पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या आहेत. एबीएस त्याआधीच सक्तीचं झालं होतं. नव्या ड्रायव्हरचा पाय घाबरून ब्रेकवर पूर्ण दाबला जातो, तेव्हा चाकं जाम न होता स्टिअरिंग वळतं ते एबीएसमुळेच. त्यामुळे जानेवारी २०२२ च्या आधीची पण मोठी गाडी स्वस्तात मिळत असली तरी आम्ही ती घेऊ नका असंच सांगू.

इंजिन १.२ लिटर, साधं पेट्रोल. टर्बो (जादा ताकदीचं इंजिन) नको. लांबी चार मीटरच्या आत असली की पार्किंग लवकर जमतं.

गाडी दिवसा आणि इंजिन थंड असताना बघा. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर बॉनेट खोललेलं आहे; कारण विचारा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. अशी गाडी सोडून द्या, वायरिंगचा त्रास पुढे कधीही निघतो. टायरवरचे चार आकडे वाचा: १४२२ म्हणजे २०२२ चा चौदावा आठवडा. मीटर १८,००० किलोमीटर दाखवतोय आणि चारही टायर गाडीपेक्षा बरेच नवे, तर मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्या.

क्लच तपासायला सपाट, मोकळी जागा हवी. हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर ठीक. चालूच राहिलं तर क्लच प्लेट घसरतेय (हँडब्रेक ढिला असेल तर गाडीच पुढे सरकेल). तो खर्च किमतीतून वजा करा.

कागद. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर थकीत चलनं आणि कर्जाचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमा १४ दिवसांत नव्या मालकाच्या नावावर करून घ्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट) गाडीबरोबर येत नाही, म्हणून प्रीमियम थोडा जास्त धरूनच बजेट ठरवा.