चिनी पंचांगातून शुभ दिवस कसा काढावा

हाँगकाँग, तैवान, सिंगापूर, मलेशिया इथल्या अनेक चिनी घरांत लग्न ठरलं की पंचांग उघडतं. हाँगकाँगमध्ये त्याला तुंग शिंग म्हणतात: लाल मुखपृष्ठाचा जाडजूड ग्रंथ, दरवर्षी नवा. तिकडे सोयरीक जुळलेल्या किंवा धंदा थाटणाऱ्या मराठी माणसालाही तो वाचता यायला हवा. माझं पहिलं सांगणं एवढंच, की उत्तम दिवस शोधत बसू नका. आधी नको ते दिवस खोडा.

सुरुवात कामापासून करा. प्रत्येक दिवसाखाली दोन याद्या असतात: 'यी' म्हणजे करायला योग्य, 'जी' म्हणजे वर्ज्य. एकच दिवस लग्नाला चांगला आणि गृहप्रवेशाला वाईट असू शकतो, म्हणून 'आजचा दिवस शुभ आहे का' हा प्रश्नच अपुरा आहे. इथे एका गोष्टीची फार काळजी घ्या. घराच्या पायासाठी माती खणणं म्हणजे 'दोंगतू', कबरीसाठी खणणं म्हणजे 'पोतू'. भाषांतरात दोन्ही सारखेच दिसू शकतात, पण पोतूचा दिवस पाहून भूमिपूजन करू नये.

आता माणसं बघा. चिनी राशिचक्रातल्या बारा प्राण्यांपैकी एक प्रत्येक वर्षाला असतो, तसा प्रत्येक दिवसालाही. दिवसाच्या प्राण्याची समोरच्या प्राण्याशी टक्कर होते आणि त्या समोरच्या प्राण्याच्या वर्षात जन्मलेल्यांना तो दिवस बाधतो. जोड्या ठरलेल्या आहेत: उंदीर-घोडा, बैल-बोकड, वाघ-माकड, ससा-कोंबडा, ड्रॅगन-कुत्रा, साप-डुक्कर. समजा वधू सशाच्या वर्षातली आणि वर बैलाच्या. मग कोंबड्याचे आणि बोकडाचे सगळे दिवस बाद. प्राणी दर बाराव्या दिवशी परत येतो, त्यामुळे महिन्यातले चार-पाच दिवस इथेच गळतात. जन्म जानेवारी-फेब्रुवारीतला असेल तर वर्ष नीट तपासा. २० जानेवारी १९९० ला जन्मलेली व्यक्ती घोड्याच्या नव्हे, सापाच्या वर्षातली. त्या वर्षी चिनी नववर्ष २७ जानेवारीला लागलं. काही जाणकार मात्र वर्षाची सुरुवात ४ फेब्रुवारीच्या सुमाराच्या 'लिचुन'पासून (वसंतारंभ) धरतात, म्हणून कोणती मोजणी चालते हे आधी विचारून घ्या.

सातवा चांद्र महिनाही सहसा टाळतात. आपल्या पितृपक्षासारखाच तो पूर्वजांचा आणि भटक्या आत्म्यांचा काळ, त्यात लग्न आणि घरबदल बहुतेक घरं करत नाहीत.

उरलेल्या दिवसांत बारा 'अधिकाऱ्यां'चं चक्र, म्हणजे दिवसांना क्रमाने मिळणारी बारा नावं, पाहा. ते पानावर छापलेलंच असतं, गणित करावं लागत नाही. 'चंग' (पूर्णता) लग्नाला आणि दुकान उघडायला चांगला. 'काय' (उघडणे) नव्या सुरुवातीला उत्तम, दफनाला नको. 'चू' (काढून टाकणे) साफसफाईला आणि औषधोपचाराला. 'पो' (भंग) म्हणजे दिवसाच्या प्राण्याची महिन्याच्या प्राण्याशी टक्कर. जुनं बांधकाम पाडायचं असेल तरच तो घ्या.

शेवटी वेळ. दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा भाग असतात, त्यातला पहिला, उंदराचा, रात्री ११ वाजता सुरू होतो. शुभ भाग निवडताना घरच्यांच्या प्राण्यांशी टक्कर पुन्हा तपासा.

वेगवेगळ्या परंपरांची पंचांगं एकाच दिवसाबद्दल वेगळं सांगतात. दोन-तीन ॲप उघडून सोयीचं उत्तर उचलू नका. घरातली वडीलधारी मंडळी जे पंचांग मानतात तेच धरा आणि हॉलची आगाऊ रक्कम भरण्याआधी तारीख त्यांना दाखवा.