बालपणीच्या आठवणी लिहिताना या चुका टाळा

आपली जीवनकथा लिहायला बसलेली माणसे बहुधा पहिल्याच वाक्यात जन्मतारीख आणि जन्मगाव लिहितात, आणि दहाएक पानांनंतर लेखन अडते. जन्म कोणालाच आठवत नाही. ती ऐकीव माहिती असते आणि तिच्यापासून सुरुवात केली की पुढची पानेही नुसत्या माहितीने भरत जातात. त्यापेक्षा स्वतःला लख्ख आठवणाऱ्या पहिल्या प्रसंगापासून आरंभ करावा, मग तो चौथ्या वर्षीचा असो वा सातव्या. क्रम नंतर लावता येतो.

शिवाय कागदावरची जन्मतारीख खरी असतेच असे नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने 1 जून लिहिल्यामुळे त्या तारखेला 'जन्मलेली' माणसे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी' असे सांगितले असेल, तर ते अडाणीपणाचे बोलणे समजून सोडून देऊ नये, कारण वर्ष ठाऊक असेल तर जुन्या पंचांगावरून तारीख काढता येते. पूर्वीच्या जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात होत असत, आणि त्या अनेक ठिकाणी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहायला मिळतात.

सर्वांत मोठी चूक मात्र विशेषणांची. माझ्या पहिल्या खर्ड्यात 'आई अतिशय कष्टाळू आणि प्रेमळ होती' असे वाक्य होते, आणि ते कोणाच्याही आईविषयी लिहिता आले असते. ते खोडून मी 1972 च्या दुष्काळातली संध्याकाळ लिहिली. खडी फोडण्याच्या कामावरून आल्यावर आई पदराच्या टोकाला बांधलेली सुकडी आधी आम्हा भावंडांच्या हातावर ठेवी आणि मग चुलीपाशी बसून अंगठ्याची चिंधी सोडी. रक्त वाळून चिंधी बोटाला चिकटलेली असे, म्हणून ती आधी कोमट पाण्यात बोट बुडवून ठेवी आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या हाताने चुलीत काटक्या सारी. हे लिहिल्यावर 'कष्टाळू' हा शब्द मला पुन्हा लिहावासा वाटला नाही. आपले लेखन कोरडे वाटत असेल, तर पानावरची सगळी विशेषणे अधोरेखित करावीत आणि प्रत्येकापुढे 'हे मला कशावरून कळले?' असे विचारावे. जे उत्तर येईल तेच लिहायचे असते.

आपली आठवण तपासून न पाहणे ही दुसरी चूक, आणि ती माझ्या हातून झाली आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही पाटण तालुक्यात राहत होतो. वडिलांनी मला घोंगडीसकट उचलून अंगणात आणले, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आणि तसेच लिहिलेही. आत्याला वाचून दाखवले, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "दादा तवा मुंबईला गिरणीत हुता रं. तुला धाकट्या काकानं उचललं." आधी वाटले, हा प्रसंग काढूनच टाकावा. पण तसे करू नये. दोन्ही लिहावे: मला काय आठवते, आत्या काय सांगते, आणि काकाच्या जागी मी वडिलांना का आणून ठेवले असेल. त्या पहाटे धक्का मुंबईतही जाणवला होता. खोलीवर गावाकडची खबर मिळेपर्यंत वडिलांनी ती वेळ कशी काढली असेल, हा प्रश्न मला या दुरुस्तीमुळेच पडला आणि त्यातून वडिलांवरचे नवे प्रकरण लिहिले गेले.

आत्याचे ते बोलणे मी मुद्दाम तिच्याच शब्दांत ठेवले आहे. आजी-आत्यांच्या तोंडी शाळेच्या पुस्तकातली भाषा घातली, की माणूस ओळखू येईनासा होतो. किमतींचेही तसेच: एप्रिल 1957 मध्ये दशमान नाणी आली, तरी 'चार आणे', 'बारा आणे' हे बोलणे पुढे कित्येक वर्षे चालू होते. संवादात आणे राहू द्यावेत, हिशेबात मात्र त्या वर्षीचे चलन असावे.

हयात माणसांविषयी लिहिताना, विशेषतः वाटणी, कर्ज आणि मोडलेली लग्ने यांविषयी, तो मजकूर छापण्यापूर्वी त्या माणसाला दाखवावा. त्याने हरकत घेतली, तर त्याचे म्हणणे शेजारी नोंदवावे किंवा तेवढा भाग घरापुरता ठेवावा.

आणि लेखन पूर्ण झाल्यावर म्हाताऱ्या माणसांशी बोलू, असे म्हणून थांबू नये. जुना फोटो घेऊन त्यांच्याजवळ बसावे, मोबाईलवर आवाज नोंदवावा आणि फोटोतल्या प्रत्येकाचे नाव, नाते आणि गाव मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहून घ्यावे. आमच्याकडच्या एका फोटोत आजीच्या डावीकडे नऊवारीतली एक मुलगी उभी आहे, आणि ती कोण, हे सांगू शकणारे आता कोणी उरलेले नाही.